टेकडी जागेवर नव्हती

आम्ही पुण्याहून गुडगावला राहायला गेलो तेव्हा सोसायटीसमोर मोहरीचं शेत होतं. पहिला हिवाळा आम्ही बाल्कनीतून ती पिवळी फुलं बघत चहा प्यायलो. दुसऱ्या हिवाळ्यात त्या जागी चौदा मजल्यांचा सांगाडा उभा होता. नवऱ्याची नोकरी एका परदेशी कंपनीत आणि माझी दुसरीत. दोघांनाही आयुष्यात पहिल्यांदा इतका पगार मिळत होता. नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. वीज गेली की जनरेटर घरघरायचा. आपण काहीतरी नव्याच्या सुरुवातीला इथे आहोत असं आम्हाला वाटायचं, आणि खोटं कशाला सांगू, ते आवडायचंही.

सामानाच्या ट्रकमधून मी माझी सायकल आणली होती. कॉलेजपासूनची, साधी, बिनगिअरची. इथे मात्र ती चालवायची चोरी. बायका सायकल चालवत नसत. दूधवाले, गवंडी, वॉचमन चालवत. पहिल्याच रविवारी बाहेर पडले तर बसस्टॉपवरचे सगळे पुरुष माना वळवून बघत राहिले, आणि चौकातल्या खड्ड्यात माझी मागची ट्यूब फाटली.

पंक्चरवाल्याकडे उभी राहून मी स्वतःशीच पुटपुटले, “आता झाली का पंचाईत!”

“पंचाईत कसली? नवी ट्यूब टाका,” मागून आवाज आला.

पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ. डोक्याला माकडटोपी, पँटच्या पायांना कपडे वाळत घालायचे चिमटे, हातात माझ्या सायकलीपेक्षाही जुनी सायकल. आमच्याच सोसायटीत, दोन इमारती पलीकडे राहणारे. मूळ अमरावतीचे, आणि एका सरकारी खात्यात सर्व्हेअर. तीस वर्षं दिल्लीत काढली तरी त्यांचं मराठी शाबूत होतं. ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ तेवढे मधेमधे यायचे. मी त्यांना काका म्हणायला लागले आणि पुढच्या रविवारपासून आम्ही दोघं सायकलवर निघायला लागलो.

ते मला फरीदाबादच्या रस्त्याने न्यायचे. आज तिथे सहा पदरी रस्ता आहे. तेव्हा शेवटचा बंगला मागे पडला की दोन्ही बाजूंना अरवलीचं जंगल सुरू व्हायचं. बुटक्या, वाकड्या झाडांचं आणि लालसर दगडांचं. मला सह्याद्रीची सवय, त्यामुळे पहिल्या दिवशी मी म्हणाले, “ह्याला डोंगर म्हणायचं?”

“हे सह्याद्रीपेक्षा म्हातारे आहेत. झिजलेत. म्हाताऱ्या माणसाच्या उंचीवर बोलू नये,” काका म्हणाले.

झाडांची ओळख त्यांनीच करून दिली. धौचं झाड दाखवून म्हणाले, “हा आपल्या धावड्याचा भाऊ.” एका वळणावर नीलगायींचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत आम्ही पाय टेकून थांबलो. कधी अनंगपूरच्या जुन्या बांधापर्यंत जायचो. कित्येक शतकांपूर्वी रचलेल्या त्या चिऱ्यांवर बसून काकूंनी दिलेले पराठे खायचो. पण बहुतेक रविवारी मुक्कामाची जागा ठरलेली असायची. मुख्य रस्ता सोडून अडीच-तीन किलोमीटर आत एक टेकडी होती आणि तिच्या माथ्यावर एक एकटा दगडी बुरूज. दोन पुरुष उंचीचा, आत चढायला अरुंद जिना, वर चारही दिशांना खिडक्या. कुठल्या काळातला ते काकांनाही सांगता यायचं नाही. टेहळणीचा असावा, एवढंच म्हणायचे. खाली सायकली टेकवून आम्ही वर चढायचो. काका आधी बुरुजाला एक फेरी मारायचे, भिंतीला हात लावायचे, मगच बसायचे. माझ्या लेखी तो त्यांचा व्यायाम होता.

असं दीड वर्ष चाललं. मग उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन झालं म्हणून मी बिनपगारी रजा टाकून पुण्याला गेले, ती पावसाळा संपतानाच परतले. काकांचाही गुडघा दुखावला होता, त्यामुळे तेही मधल्या काळात गेले नव्हते. दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे आम्ही निघालो. हवेत गारवा होता आणि मी फार खुशीत होते.

मुख्य रस्ता सोडल्यावर पहिल्यांदा जाणवली ती धूळ. झाडांची पानं पिठात घोळल्यासारखी पांढरी होती. आमचा अरुंद रस्ता दुप्पट रुंद झाला होता आणि डंपरच्या चाकांनी त्याला खोल चऱ्या पडल्या होत्या. समोरून एक डंपर आला तेव्हा आम्हाला सायकली उचलून काट्यांत उभं राहावं लागलं.

“काका, रस्ता चुकलो का आपण?”

काका सायकलवर बसले आणि गुडघा दुखत असूनही जोरात पायडल मारत पुढे गेले.

शेवटचं वळण घेतलं की टेकडी समोर येत असे. मी वळण घेतलं आणि समोर आकाश आलं. नुसतं आकाश. मी ब्रेक दाबायचंही विसरले. काका आडवे आले, त्यांनी माझं हँडल धरलं, म्हणून थांबले. पुढे वीस पावलांवर जमीन संपत होती.

टेकडी जागेवर नव्हती. अर्धीमुर्धी कापलेली असती तर कदाचित पटकन कळलं असतं. तिच्या जागी एक खड्डा होता, इतका खोल की तळाशी उभा असलेला ट्रक काडेपेटीएवढा दिसत होता. खड्ड्याच्या कडा सरळसोट तुटलेल्या, ताज्या, गुलाबी. मी वेड्यासारखी डावीउजवीकडे बघत राहिले. मला खरोखर वाटत होतं की बुरूज थोडा बाजूला असेल, आपलीच दिशा चुकली असेल. एवढी मोठी वस्तू नाहीशी होते ह्यावर डोळे विश्वास ठेवायला तयार नव्हते.

लाल झेंडा घेतलेला एक माणूस शिट्टी वाजवत धावत आला. “पीछे हटो! ब्लास्टिंग है! दिखता नहीं क्या?”

त्याने आम्हाला एका खडकाच्या आडोशाला बसवलं. पायाखालची जमीन आधी हलली, आवाज नंतर आला. छातीत कुणीतरी आतून धक्का दिल्यासारखं झालं. दूर कुठेतरी मोर एकदम ओरडायला लागले. मग बराच वेळ खडे पडण्याचा आवाज.

धूळ बसल्यावर मी त्या माणसाला विचारलं, “भैया, यहाँ ऊपर एक बुर्ज था.”

“था जी. गर्मियों में गया. एक ही ब्लास्ट में.” मग माझ्या चेहऱ्याकडे बघून समजूत घालावी तसं म्हणाला, “मैडम, आप लोग गुड़गांव से हो ना? वो सारे टावर इसी रोड़ी से बन रहे हैं.”

घरासमोरच्या सांगाड्यापाशी पडलेले गुलाबी खडीचे ढीग मी रोज बघत होते. आमची इमारतही त्याच खडीची असणार.

वळून पाहिलं तर काका रस्त्याच्या कडेला धुळीत बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. चेहरा असा झाला होता की मला वाटलं ह्यांना झटका येतोय. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण पाणी प्यायले नाहीत.

“मी लिहिलं होतं,” ते म्हणाले.

“काय लिहिलं होतं?”

“ह्या टेकडीचा सर्व्हे मी केला होता. तू शाळेत असशील तेव्हा. खाणीसाठी जमीन द्यायची होती. फॉर्ममध्ये रकाना असतो, ‘जुने बांधकाम’. मी बुरूज मोजला होता, फूट-इंचांत. साहेब म्हणाले, संरक्षित यादीत आहे का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाले, यादीत नाही म्हणजे बांधकाम नाही. निल लिहा.”

“आणि तुम्ही लिहिलंत?”

“बिल्कुल लिहिलं. सहीसुद्धा आहे माझी.” ते खड्ड्याकडे बघत बोलत होते. “नंतर फाइल कुठेतरी अडकली. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मला वाटलं, विसरले सगळे. तरी मी दर रविवारी बघून जायचो, उभा आहे की नाही.”

त्या क्षणी मला खड्ड्यापेक्षा मोठा धक्का बसला. दीड वर्ष मी ह्या माणसाबरोबर त्या भिंतीला टेकून पराठे खाल्ले होते. प्रत्येक झाडाचं नाव सांगणारा, नीलगायींसाठी थांबणारा माणूस. आणि एका रकान्यात दोन अक्षरं लिहून, खाली सही करून त्याने तो बुरूज केव्हाच पुसून टाकला होता.

“मग मला का आणायचात इथे?” माझा आवाज चढला होता.

“एकट्याला बघवायचं नाही,” ते म्हणाले.

मी सायकल उचलली आणि निघाले. ते मागून येत आहेत की नाही हेही बघितलं नाही. घरी पोचल्यावर नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, “अगं, पडलीस की काय?” अंगावर नखशिखान्त पांढरी धूळ होती. मी बाथरूममध्ये गेले, बादली भरेपर्यंत स्टुलावर बसून राहिले आणि मग रडायला लागले. कशासाठी ते त्याला समजावून सांगता आलं नाही. “एक जुना बुरूज होता” एवढंच सांगितलं.

महिनाभर मी काकांना टाळलं. गेटवर दिसले तर रस्ता बदलला. दिवाळीनंतर एका संध्याकाळी काकू आल्या. हातात चिवड्याचा डबा, पण तो द्यायचंही त्यांना भान नव्हतं.

“तुमच्यात काय झालंय ते मी विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “पण ते कुणाशी बोलत नाहीत. ऑफिसातून आले की जुन्या वह्या काढून बसतात. तू एकदा येऊन जा.”

मी गेले, मनातून नाखुशीनेच. काकांच्या टेबलावर त्यांच्या फील्डच्या वह्या पसरल्या होत्या. पेन्सिलीने लिहिलेल्या, काही पानं वाळवी लागलेली. त्यांनी माझ्याकडे न बघता एक वही पुढे सरकवली. विहिरी, बांध, समाध्यांवरच्या छत्र्या, कबरी, सरायांच्या भिंती. त्या डोंगरांत त्यांनी मोजलेलं आणि कुठल्याच यादीत नसलेलं सगळं.

“हे टाइप करून देशील?” त्यांनी विचारलं. “नोकरीचं एक वर्ष उरलंय. माझ्या नावाने पुरातत्त्व खात्याला पाठवतो. तो निलही मीच लिहिला होता असं पहिल्याच ओळीत लिहायचं आहे.”

“तुमच्या पेन्शनला काही झालं तर?” काकू दारातून म्हणाल्या.

“झालं तर झालं.”

माझा राग गेला नव्हता. तरी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती यादी टाइप केली. पुढचा सगळा हिवाळा आम्ही सायकलींवर एकेक जागा शोधून खात्री करत फिरलो. पहिल्यासारख्या गप्पा होत नव्हत्या. सात ठिकाणी यादीतली वस्तू सापडलीच नाही. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सवय झाली असेल. पण नाही. रिकामी जागा दिसली की मी पुन्हा डावीउजवीकडे शोधत राहायचे. काका पेन्सिलीने त्या ओळीपुढे लिहायचे, ‘होते’.

यादी पाठवली. उत्तर आलं नाही. पेन्शनलाही काही झालं नाही. त्यांची कबुली बहुधा कुणी वाचलीच नव्हती, आणि ते त्यांना सर्वांत जास्त लागलं. निवृत्त झाल्यावर ते अमरावतीला परत गेले. काही वर्षांनी कोर्टाने त्या भागातलं खाणकाम थांबवलं. पेपरात बातमी वाचून मी लगेच त्यांना फोन लावला.

“अच्छा,” ते म्हणाले. “आपल्या टेकडीच्या जागेवर आता काय आहे?”

“पाणी साठलंय काका. निळंशार. लोक पोहायला जातात.”

“अगं, जाऊ देऊ नका कुणाला!” त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. “तिथे पाटी तरी लावलीय का? किती खोल आहे ते कुणी मोजलंय का?”

मी म्हटलं, मला माहीत नाही.