मिस्त्रीकाकांचा ओव्हरटाइम

मिस्त्रीकाकांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी स्क्रू असलेली वस्तू ठेवायची नाही, असं काकूंनी मला त्या घरी राहायला गेले त्याच दिवशी सांगितलं. मी हसले. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर माझं गजराचं घड्याळ वर्तमानपत्रावर पसरलेलं. चाकं एका रांगेत, स्क्रू दुसऱ्या रांगेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. "बघत हुतो आत काय हाय," काका म्हणाले. आत काय होतं ते आम्हा सगळ्यांना दिसलं. घड्याळ मात्र पुन्हा वाजलं नाही.

मी कोल्हारची. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली, त्यामुळे नगरला फार्मसीला आल्यावर कुणाला काय विचारावं हेही मला कळत नसे. नागापूरला काकांच्या घरामागची खोली मिळाली. काका मूळचे जामखेडकडचे, एमआयडीसीत लेथवर आयुष्य गेलेले. पार्किन्सनमुळे काम सुटलं, शिफ्ट सुटली नव्हती. सकाळची गोळी म्हणजे फर्स्ट शिफ्ट, दुपारची सेकंड. गोळीचा असर ओसरून पाय जड झाले की म्हणायचे, "लाइट गेली."

उजवा हात मांडीवर नुसता ठेवला की थरथरायचा आणि काही धरलं की थांबायचा. "त्याला रिकामं बसायची सवय न्हाई," काका सांगत. "तुमाला हाय की, तुमी शिकवा त्याला," स्वयंपाकघरातून काकू.

दारात आले की त्यांचे पाय फरशीला चिकटायचे. समोर रेघा असल्या तर ओलांडता येतात, असं कुणीतरी सांगितल्यावर त्यांनी खडूने रेघा मारल्या, त्याही पट्टी लावून, सारख्या अंतरावर. काकू रोज फरशी पुसायच्या. मग काका दारात पुतळ्यासारखे उभे. "अगं, माझा रस्ता पुसलास की!"

एकदा धीर करून मी त्यांना शिकवायला गेले. "काका, मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ते बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या की हालचाली अडतात."

"म्हंजे वंगण आटलं."

"वंगण नाही, ते निरोप पोचवतं..."

"केमिस्ट, लेथ तू चालवलाय का मी?"

त्या घरात डोपामिन वंगणच राहिलं.

पुढे काकांनी मिक्सर उघडला, रेडिओ उघडला, दाराची बेलही उघडली. तेव्हा त्यांचे डोळे असे चमकायचे, की जेवायला हाक मारायलाही संकोच वाटे. सगळ्यांना तो घरी बसलेल्या माणसाचा विरंगुळा वाटायचा. मलाही तसंच वाटायचं.

मग शेजारच्या सुमनताईंनी त्यांचं शिलाई मशीन आणलं. ब्लाऊज शिवण्यावर त्यांचं घर चालायचं. टीप मधेच तुटत होती, जरा तेल घालून हवं होतं. काकांनी मशीन पार सुट्टं केलं आणि जोडायला बसलेच नाहीत. भाग मांडायचे, मोडायचे, पुन्हा मांडायचे.

"काका, नवरीचे ब्लाऊज द्यायचेत हो मला!"

"थांब गं, एक रांग ऱ्हायली."

दोन दिवस रांगच राहिली. सुमनताई रडकुंडीला येऊन बहिणीचं मशीन आणायला गेल्या.

त्याच आठवड्यात पुस्तकात मी वाचलं, की डोपामिनचं काम हालचालीपुरतं नसतं. एखादी गोष्ट हवीशी वाटणं, ती पुन्हा करावीशी वाटणं, यातही त्याचा हात असतो. या आजारावरच्या औषधांनी काहींना भलताच नाद लागतो. काही जण तर वस्तू उघडत आणि मांडत तासन्‌तास बसतात. मी पुस्तक मिटलं. आठ दिवस हे कुणालाच सांगितलं नाही. मी दुसऱ्या वर्षाची मुलगी, चुकले तर? आणि बरोबर असले, तर या माणसाला ज्यात आनंद मिळतो तेवढंच एक मी काढून घेणार.

शेवटी काकूंना सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर काका म्हणाले, "नाद कसला? काय बी न्हाई." मग मीच चाचरत सगळं बोलले. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. काका दोन प्रकारच्या गोळ्या घेत. त्यांतली नाद लावणारी हळूहळू कमी करायचं ठरलं.

"ओव्हरटाइम बंद केलास माझा," परतताना रिक्षात ते हसून म्हणाले. घराशी उतरल्यावर हसू नव्हतं. "केमिस्ट, इतके दिस जी मजा येत हुती, ती माझी का गोळीची?"

त्याचं उत्तर मी अजून शोधते आहे. मी आता दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर असते. हीच गोळी न्यायला कुणी आलं, की हात कसा आहे हे विचारते आणि नवीन काही नाद लागलाय का, हेही विचारते. लोक हसतात. मी थांबते, मग कधीकधी सांगतात.

गोळी कमी झाल्यावर काका खुर्चीत बसून राहू लागले. चाल मंदावली, चिडवणंही कमी झालं. मशीनचे भाग बिस्किटांच्या डब्यात पडून होते. एका दुपारी त्यांनी तो डबा स्वतः मागितला. सेकंड शिफ्टची गोळी लागली की तासभर बसायचे. एक स्क्रू बसवायला दहा मिनिटं लागत. कंटाळून उठायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. असे तीन आठवडे गेले आणि मशीन जोडून झालं. सुमनताईंनी सुईखाली चिंधी घालून पायाने मशीन चालवलं, टीप सरळ पडली. त्या म्हणाल्या, "आता तेल मीच घालीन हो काका."

मी भीतभीत विचारलं, "काका, येते का मजा?"

"पयल्यावानी न्हाई," घाम पुसत ते म्हणाले. "लई जिवावर येतं. पर जोडलं ते म्या जोडलं."