‘कशावरून?’ विचारणाऱ्या डॉक्टरीणबाई

“ते काही जगायचं नाही,” असं तान्ह्या मुलाबद्दल कुणी म्हटलं, की आमच्या डॉक्टरीणबाई हातातलं काम टाकून त्या माणसाकडे वळत. “कशावरून?” एवढाच प्रश्न. समोर सुईण असो, बाळंतिणीची सासू असो, नाहीतर दवाखान्याचे मोठे डॉक्टर, उत्तर मिळेपर्यंत बाई नजर हटवत नसत.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी धुळ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. अपुऱ्या दिवसांचं मूल जन्मलं, की त्याला अंघोळ घालायची, फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं आणि आईची समजूत घालायची, अशी तिथली रीत. बाईंनी आल्या आल्या ती मोडली. “अंघोळ घातलेली मुलं गार पडतात आणि जातात, हे तुम्हाला दिसत नाही?” त्या आमच्यावर कडाडल्या. दिसत होतं, पण नीट पाहिलं कुणीच नव्हतं. मग अंघोळ बंद झाली. मुलांना गुंडाळायला कापसाच्या जिनातून स्वच्छ रुई आली, गरम पाण्याच्या बाटल्या आल्या, आईचं दूध ड्रॉपरने थेंबाथेंबाने पाजणं सुरू झालं. कोपऱ्यातली मुलं रडायला लागली, आणि ते रडणं ऐकून आम्हाला हसू फुटायला लागलं.

मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे आमच्या साहेबांना, हे रुचलं नाही. “बाई, हा दवाखाना आहे, प्रयोगशाळा नाही.”

“प्रयोग तुमचाही चालूच होता, साहेब,” बाई म्हणाल्या. “काहीच केलं नाही तर काय होतं, याचा.”

पुढे पारोळ्याच्या एका बाळंतिणीच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाला न्यूमोनिया झाला. नव्यानेच निघालेल्या सल्फाच्या गोळ्या साहेबांच्या कपाटात होत्या. बाईंनी मागितल्या, साहेब म्हणाले, विचार करू. त्यांचा विचार होईतो मुलगा निळा पडला होता. गोळी दिली, पण तो गेला. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. इतक्या लहान जिवाला औषध किती द्यावं हे तरी निदान पक्कं ठाऊक हवं, म्हणून त्यांनी विलायती वैद्यकीय मासिकं मागवली. ठिकठिकाणच्या डॉक्टरांनी काय केलं, कुठली मुलं वाचली आणि कुठली गेली, हे ताडून वजनाप्रमाणे मात्रा बसवली. जेवताना एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मासिक, असं त्यांचं चाले.

नंतर सोनगीरची एक मुलगी आली. सातव्या महिन्यात जन्मलेली, तिलाही न्यूमोनिया; अंगात ताप, आणि श्वासागणिक छाती आत ओढली जात होती. आई रडत म्हणाली, “बाई, बठ्ठा म्हनतस, हाई पोर जगाव नही.”

“म्हणू दे सगळ्यांना. तू दूध काढून दे.” असं म्हणून बाई मला घेऊन थेट साहेबांच्या खोलीत शिरल्या आणि कपाटाची किल्ली मागितली.

“लढाई चालू आहे, साठा थोडा आहे,” साहेब म्हणाले. “ही औषधं माणसांसाठी आहेत.”

“मग ही कोण आहे?”

तो आवाज सगळ्या वॉर्डाने ऐकला. साहेबांनी किल्ली टेबलावर फेकली. मी गोळी कुटून, बाईंनी सांगितलेली मात्रा मोजून दुधात कालवली. ताप उतरायला वेळ लागला, पण उतरला. मुलगी ड्रॉपर चोखायला लागली. आई पाया पडायला वाकली, तशी बाई मागे सरकल्या. “मला नको. हे औषध ज्यांनी शोधलं, त्यांना मी ओळखतही नाही. पोरीला छातीशी धर.”

याचं बक्षीस काय? उद्धट म्हणून बाईंना दवाखाना सोडायला लावला. त्या जळगावला गेल्या.

पुढे धुळ्यात डॉक्टरांची सभा भरली. साहेबांनी त्या मुलीची हकिगत सांगितली. “आम्ही ताबडतोब निर्णय घेतला,” असं म्हणाले! बाईंचं नावही नाही. मी मागे उभी राहून ऐकत होते. सभेला जळगावहून आलेल्या बाई उठल्या, पण स्वतःविषयी चकार शब्द बोलल्या नाहीत.

“पारोळ्याच्या मुलाचंही सांगा, साहेब. औषध उशिरा दिलं म्हणून तो गेला. ते झाकलंत, तर पुढचा डॉक्टरही थांबून राहील.”

“बाई, खाली बसा,” अध्यक्ष म्हणाले. बाई बसल्या नाहीत. औषधाची मात्रा सांगूनच थांबल्या.

स्वातंत्र्य यायच्या थोडं आधी विषमज्वराने बाई गेल्या. शोकसभेत साहेबांनी चष्मा पुसला. “बाई फार मायाळू होत्या. त्यांनी कधी कुणाला दुखावलं नाही.” लोकांनी माना डोलावल्या. माझ्या अंगाची आग झाली.

सोनगीरहून आलेली ती आई मात्र जमिनीवरून उठली. पोर तिचा पदर धरून उभी होती.

“कसानी मायाळू?” पोरीला पुढे करत ती भर सभेत म्हणाली. “भांडखोर व्हती बाई. भांडनी, म्हनीसन मनी पोर जित्ती शे.”