विमानाला लावलेला टिळा

आमच्या घरात नुसती बघायची म्हणून एकही वस्तू नव्हती. होतं ते सगळं वापरायचं, आणि तेही पुरत नव्हतं. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे, माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायची. पत्र्याच्या एका खोलीत चूल, अंथरुणं आणि माझी पुस्तकं. त्याच खोलीतून मी जिंतूरच्या कॉलेजला गेले आणि पदवी घेतली. आमच्या घराण्यात पहिलीच. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

नोकरी लागली, दोन खोल्या पक्क्या झाल्या, आणि मी प्लॅस्टिकची छोटी विमानं जोडायला लागले. भाग डब्यात येतात; जोडायचं, घासायचं, रंगवायचं आपण. लढाऊ विमानं लय मिळतात, मला ती नकोत. प्रवासी विमान म्हणजे एसटीच की. एका खिडकीमागं कुणी डबा उघडून बसलंय, दुसऱ्या खिडकीमागं कुणी पेंगतंय. मी अजून विमानात बसले नाही, पण त्याचं चाक पोटात कुठं जातं ते माझ्या बोटांना ठाऊक आहे.

विमानाचं अंग शेंगेच्या दोन फोलांसारखं येतं. ती फोलं चिकटवायची, सांध्यात लांबी, म्हणजे फट बुजवायचा लगदा, भरायची, आणि सांधा बोटाला लागेनासा होईपर्यंत पॉलिश पेपरनं घासत बसायचं. त्यात जीव असा गार होतो की चहा निवतो तरी कळत नाही.

पहिलं विमान मात्र वाया गेलं. चिकटवायचं रसायन खिडक्यांवर ओघळलं. बाबा म्हणाले, "एवढी शिकलीस, आन् खेळणं जोडंना व्हय गं?" ते लागलं मला. एक तरी विमान नीट पुरं करायचं, हे तेव्हाच ठरवलं.

दुसरं विमान दसऱ्याच्या सकाळी पांढरं रंगवून फळीवर वाळत ठेवलं आणि मी झेंडू आणायला गेले. परत येते तर मायची पूजा उरकलेली. विळा, खुरपं, माझी स्कूटी, आणि विमान. ओल्या नाकावर हळदीकुंकवाचा ठसठशीत टिळा, पंखावर जास्वंद.

"माय, हे काय केलंस?"

"नवी गाडी घरात आली. टिळा नको का तिला?"

"गाडी न्हाई ती."

"चाकं हायेत की."

बाबा दारातून म्हणाले, "चाकाखाली लिंबू ठेवलं न्हाई हे नशीब. लिंबावर चढून उलटंच झालं असतं."

माय पदर घेऊन पुसायला निघाली. मी तिचा हात धरला. ओला रंग पुसला असता तर अख्खं नाक पिवळं झालं असतं. वाळू द्यायचं आणि मग खरवडायचं, एवढाच इलाज होता. पण खरवडायचं म्हटल्यावर मायचा चेहरा उतरला. सणाचा टिळा असा कुणी खरवडतं का?

रंग वाळल्यावर मी पॉलिश पेपर हातात घेतला तशी ती म्हणाली, "थांब जरा." तिनं विमानावर चार अक्षता टाकल्या, उठवायच्या आधी मूर्तीवर टाकतात तशा, नाकाला बोट लावून कपाळाला लावलं, आणि फळी जागची जरा हलवली.

"हां. कर आता."

मी नाक घासलं. हळद खाली मुरली होती, म्हणून आधी करडा रंग दिला, मग पांढरा. राहिली खिडक्यांची छापील पट्टी. ती पाण्यात भिजवून कागदावरून विमानावर सरकवायची. एकदा बसली की हलत नाही, आणि दुसरी मिळत नाही. माय शेजारी बसली होती. पट्टी नाकापासून शेपटापर्यंत सरळ बसली.

बाबांनी विमान दोन्ही तळव्यांवर घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला. "कुठं जोडलंय, कळंना गेलंय," म्हणाले, आणि विमान मायकडं दिलं.

एक अख्खं प्रवासी विमान मी माझ्या हातानं पुरं केलं.