न तपासलेली दोन पानं

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी आठवीच्या सहामाहीचा गणिताचा पेपर परत मिळाला. चाळीसपैकी पंधरा. शेवटची दोन पानं तपासलेली नव्हती. त्यांच्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एक लाल रेघ होती. रेघेवर इंग्रजीत लिहिलं होतं, नॉट फॉर यू.

मी पेपर घेऊन गणिताच्या मिसच्या टेबलाजवळ गेले. म्हणाले, मिस, ही गणितं बघायची राहिलीत.

त्यांनी मान वर केली नाही. कन्नडमध्ये म्हणाल्या, "पास आदरा साकल्ला निनग?" पास झालीस तरी पुरे ना तुला?

वर्ग हसला. खिडकीकडची ओळ हसली नाही. मी त्या ओळीतली होते.

शाळा हुबळीच्या विद्यानगरात. मिस धारवाडहून, मळमड्डीतून बसनं यायच्या. त्यांच्या घरी मराठी, माझ्या घरी मराठी. हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या बाकावरच्या सुप्रियाशी त्या मराठीत बोलायच्या, तिच्या आजीची चौकशी करायच्या. माझ्याशी कन्नड.

खिडकीकडची ओळ जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार झाली. मिस वर्गात आल्या आणि म्हणाल्या, स्कॉलरशिपवाले उभे राहा. हुशारीची स्कॉलरशिप नव्हे, ती दुसरी, जातीच्या दाखल्यावरची. कुठली ते सगळ्यांना कळलं. आम्ही पाच जण उभे राहिलो. मिसनी नावं लिहून घेतली. मग खिडकीकडं बोट केलं. आजपासून तुम्ही तिथं. तुम्ही पॅकेज.

पासिंग पॅकेज खरं तर दहावीला असतं. ज्यांची आशा सोडलेली असते त्यांच्यासाठी. ठरावीक सोपे प्रश्न, ठरावीक उत्तरं. तेवढं घोकायचं, पस्तीस टक्के मिळवायचे, शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा. मिसनी ते आठवीपासून सुरू केलं होतं. आम्हाला बसवलं तेव्हा वर्गाची एकही चाचणी झालेली नव्हती.

नवा धडा सुरू झाला की मिस आमच्या ओळीला व्याख्या लिहायला सांगायच्या. मग वळून बाकीच्यांना गणित शिकवायच्या. वर्ग एकच, फळा एकच. मी व्याख्या लिहीत फळ्याकडं बघायचे. तसंच शिकले. वयाची गणितं, चौकोनाचे कोन, अवयव पाडणं. ऐकू नये असं कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडेल असं मिसना वाटलं नसावं.

त्या दुपारी सुप्रियाचा पेपर बघितला. वडील आणि मुलाच्या वयाचं गणित. रीत तीच, उत्तर तेच. तिला चारपैकी चार. माझ्यावर रेघ.

घरी आईला पेपर दाखवला. आई एका खासगी दवाखान्यात आया आहे. तिनं पंधरा बघितले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"पास झालीस की."

"मागची पानं बघ."

तिनं पानं उलटली. पाचवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली बाई. रेघ तिला दिसली, अक्षरं कळली नाहीत.

"काय लिवलंय?"

मी सांगितलं नाही. म्हणाले, काही नाही.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिस मेसेज टाकायच्या. पॅकेजची मुलं आज जादा तासाला थांबतील. आई तो मेसेज शेजारच्या अक्काला दाखवायची. "हिच्याकडं येगळं लक्ष देत्यात बघ, अक्का." ती हे अभिमानानं म्हणायची. हे मला रेघेपेक्षा जास्त लागलं. अजून लागतं.

जानेवारीच्या चाचणीत मी सोपे प्रश्न कोरे सोडले. सगळे येत होते. ते लिहिले असते तर पास होणं पक्कं होतं. मी फक्त दुसरी गणितं सोडवली. जी माझ्यासाठी नव्हती ती.

पेपर परत आला. शून्य. आत दोन पानांवर तीच रेघ, तीच अक्षरं.

आईला शाळेत बोलावलं. तिनं दवाखान्यातली पाळी बदलून घेतली आणि ठेवणीतली साडी नेसून आली. हेडमास्तरांच्या खोलीत मिस खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी होती. आईला कुणी बस म्हटलं नाही.

मिस सरांना म्हणाल्या, मुद्दाम केलंय हिनं. येणारे प्रश्न सोडले आणि न येणारे लिहिले.

मी म्हणाले, "न येणारे हे कसं कळलं? तपासलं नाही अजून."

आईनं माझा दंड धरला. "गप."

सर चांगल्या स्वभावाचे होते. पेपर पुढं ओढून म्हणाले, मुलगी आहे, होतं असं. पासिंगचे चौदा घालू, विषय मिटवू. त्यांनी पेन हातात घेतलं.

आईनं विचारलं, रेघेवर काय लिहिलंय?

मिसनी सरांकडं बघितलं. मग मीच सांगितलं. आधी मराठीत. मग सरांनाही कळावं म्हणून कन्नडमध्ये. हे तुझ्यासाठी नाही, असं लिहिलंय.

आईनं माझा दंड सोडला.

"मार्क्स ब्याडरी सर," ती म्हणाली. "चेक माडरी." मार्क नकोत. तपासा.

सरांनी पेपर मिसकडं सरकवला. मिसनी लाल पेनाचं टोपण काढलं. वयाचं गणित बरोबर. कोनांचं बरोबर. अवयवांचं बरोबर. पुढच्या समीकरणात बाजू बदलताना मी वजाचं चिन्ह तसंच ठेवलं होतं. मिसनी चिन्हाभोवती गोल केला. तिथून खालचं सगळं चुकलं होतं. शेवटचं गणित अर्धवट होतं.

ती चूक खरी होती. त्या वर्षात गणितातली माझी चूक कुणी दाखवली ती पहिलीच.

मिसनी बेरीज केली. तेरा.

सर हसले. "एकच कमी. ग्रेस देऊ एक."

आईनं माझ्याकडं बघितलं. तिला तो एक हवा होता. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती मागू शकली असती. तिनं मागितला नाही.

मी म्हणाले, "नको सर. तेराच लिहा."

तेव्हा मिस माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलल्या.

"झालं समाधान? नापास झालीस."

"हो मिस."

परत जाताना आई बसस्टॉपपर्यंत माझ्या पुढं पुढं चालली. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "ते अक्काला मी दाखवत होते, तवा तुला ठावं होतं?" मी हो म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. दवाखान्याचा स्टॉप आला, ती उतरली.

प्रगतिपत्रकात गणितासमोर तेरा आहेत. लाल शाईत. खाली आईची कन्नडमधली सही आहे.

आईला बोलावलं होतं त्याच्या दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला मी मधल्या ओळीत, सुप्रियाच्या मागच्या बाकावर बसले. मिस आत आल्या. बघितलं. म्हणाल्या, "ऊठ."

मी उठले नाही.