तीनदा म्हणवून घेतलेलं वाक्य

तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवल्यावर मला एक खोड जडली. समोर पोरं असोत की बायका, महत्त्वाचं वाक्य तीनदा म्हणवून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

निवृत्त झाले आणि एका वकील मैत्रिणीने मला कामाला जुंपलं. लग्न होऊन परमुलखातून सोलापुरात आलेल्या, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांना सोप्या शब्दांत कायदा सांगायचा. नवी पेठेत एका शिंपीणबाईने दुकानावरची खोली दिली. मंगळवारी दुपारी बायका घरी ‘ब्लाउज टाकून येते’ म्हणून निघायच्या.

त्यांत एक नेपाळची होती. नवरा अक्कलकोटकडचा, दिल्लीत हॉटेलात कामाला असताना लग्न करून तिला इकडे घेऊन आलेला. मराठी ती सासूकडून शिकली होती, त्यामुळे बोलणं अस्सल गावाकडचं. एका मंगळवारी ती कपड्यांची पिशवी उराशी धरून, सगळ्यांच्या आधी आली.

“बाई, मला माज्या गावाला जायाचं हाय. माजे कागद त्येच्याजवळ हायती. कसं जाऊ?”

“आधी आजचा धडा ऐक, मग बघू,” मी म्हटलं. फळा पुसून झाला होता ना माझा!

धडा राहत्या घराच्या हक्काचा होता. घर नवऱ्याच्या नावावर असो की सासूच्या, बायकोला मनाला येईल तेव्हा हाकलता येत नाही. मी अगदी रंगात आले. “म्हणा सगळ्या, घर माझंही आहे, मला कोणी हाकलू शकत नाही.” तिसऱ्या वेळी तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागला आणि मी टाळ्या वाजवल्या. तिचा प्रश्न राहूनच गेला. ती पिशवी घेऊन घरी परतली, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मैत्रिणीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘आधी विचारायचं, आज घरी जाणं धोक्याचं आहे का? हक्क सांगायचा तो त्यानंतर. कोर्टाचा हुकूम हातात येईपर्यंत नुसत्या हक्काने मार थांबत नाही.’ मी ते विसरले नव्हते. मला शिकवायची घाई झाली होती, एवढंच. त्याची लाज अजून जात नाही.

आज ती तिच्या गावी सुखरूप आहे. मैत्रिणीने अर्ज करून तिचे कागद सोडवले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं लिहायला माझा हात धजायचा नाही.

दोन मंगळवार ती आली नाही. तिसऱ्या मंगळवारी आली, तेव्हा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

“काय झालं गं?”

“त्यो भाईर ढकलत व्हता. मी दाराला धरून ऱ्हायले. तुमी शिकवलं तसंच म्हटलं, बाई. तीनदा म्हटलं.”

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. उलट पाठ केलेलं चुकलं नाही, हे ती मला सांगत होती. मी खुर्चीत बसले आणि रडू आवरेना. तर तीच चांगल्या हाताने माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली.

मी जरा शांत झाल्यावर म्हणाली, “बाई, आता तरी सांगा की. गावाला कसं जाऊ?”