किल्ली आणि साक्ष

बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचा वास आला की मला सौंसरचा तो बाजार आठवतो, जिथं दुपट्ट्याखाली बोटं दाबून माझ्या बैलजोडीचा भाव ठरला आणि दुपट्टा काढताच गिऱ्हाईक म्हणालं, "एवढा भाव मी देलाच नाही." दुपट्ट्याखालची बोटं कोणी पाहिलेली नसतात, साक्षीदार कुठून आणणार? माझं डोकं फिरलं आणि त्याच्या मोटारसायकलला लागलेली किल्ली काढून मी खिशात टाकली. तासाभरात आम्ही पोलीस ठाण्यात होतो. "यानं मले मारून किल्ली लुटली," असं तो सांगू लागला. हवालदार माझ्याकडे बघून म्हणाला, "शेठ, न विचारता नेली तर चोरी, हातातून हिसकली तर नव्या कायद्यात झपटमारी, अन् मारून घेतली तर लूट. लुटीले दहा वर्षांपर्यंत सजा आहे." तेवढ्यात बाजारापासून त्याच्यासोबत असलेली त्याची बायकोच पुढे आली. "काहून खोटं बोलून राहिले जी? किल्ली गाडीलेच होती. या भाऊनं तुमाले हात बी नाही लावला." मी किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यानं तक्रार मागे घेतली. भाव फिरवल्याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही, त्या माणसाशी मी बोलत नाही. पण ती दोघं बाजारात दिसली की मी थांबून तिला नमस्कार करतो, कारण त्याच नवऱ्यासोबत घरी परतायचं असताना, माझ्यासारख्या अनोळखी माणसासाठी, ती भर ठाण्यात खरं बोलली होती.