पहिल्या हाकेला

आमचे हे, वली, म्हणजे हट्टाचा डोंगर. यूएईतल्या उम्म अल कुवैनच्या खाडीत पर्यटकांना होडीतून तिवरं दाखवतात. या चिमुकल्या देशात नुसती वाळू आहे, असं कुणी म्हणालं तर त्याची खैर नाही. "ही मुळं बघा, चिखलातून नाक वर काढून श्वास घेतात. ते फ्लेमिंगो. मोती काढणारे इथूनच समुद्रावर जायचे. कितीतरी परतलेच नाहीत." इथे यांचा आवाज बसतो. लोकांना वाटतं, काय रंगवून सांगतो! त्यांना काय माहीत.

यांचा धाकटा भाऊ ओवेस याच खाडीत गेला. तिन्हीसांजेला एकटाच जाळं टाकायला आत शिरला होता, हे किनाऱ्यावर. तिवरांतून हाक आली, "भाई!" आता आम्हाला रत्नागिरीत लहानपणापासून बजावलेलं, तिन्हीसांजेला पाण्यावरून आलेल्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर पुन्हा हाक मारील, भूत एकदाच मारतं. हे दुसऱ्या हाकेची वाट बघत थांबले. ती आलीच नाही. सकाळी रिकामी होडी मिळाली, ओवेस नाही.

तेव्हापासून बगळा ओरडला तरी हे "ओ!" म्हणतात. शारजात आमच्या बिल्डिंगमधले हसतात. मी तर चिडायचेच. "अहो, खलास करा आता! गेलेला माणूस येतो का?"

गेल्या हिवाळ्यात मी सोबत होते. पर्यटक उतरले होते, मगरिबची, तिन्हीसांजेची अजान होऊन गेली होती. आणि आतून हाक आली, "भाई!"

मीही ऐकली, अल्लाशपथ! मी यांच्या तोंडावर हात दाबला. "दुसरी येऊ द्या!"

यांनी हात झटकला. "ओ! आलो रे!" म्हणत होडी तिवरांत घातली.

आत एक कयाक उलटी पडलेली. मुळांना धरून एक मुलगी, गळ्यापर्यंत पाण्यात, ओठ निळे. दुबईत वाढलेली आपली मराठी पोर, सान्वी. वर ओढली, माझ्या ओढणीत गुंडाळली. "बरं झालं बेटा, हाक मारलीस."

तिनं मान हलवली. "आय डिडन्ट कॉल, आंटी. आय थॉट नोबडी वॉज हिअर."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. होडी वळवली, तोच मागून, तिवरांतून, दुसरी हाक आली. "भाई..."

हे ढसाढसा रडायला लागले. मग मीच वळले, इतकी वर्षं चिडणारी मी, आणि ओरडले, "ओ, ओवेस! ऐकलं रे बाबा, भाईनं ऐकलं!"